माझ्या उत्तरपत्रिका जिच्या अक्षरात आहेत, तिला

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मार्च २०२० मध्ये सातारा जिल्ह्यातील एका परीक्षा केंद्रावर तू माझी लेखनिक म्हणून, म्हणजे मी सांगेन ते उत्तर लिहून घेण्यासाठी, दहावीच्या परीक्षेला बसली होतीस. तेव्हा मी दहावीत होते आणि तू दुसऱ्या शाळेत नववीत होतीस. शेवटचा पेपर झाला की तुझे रीतसर आभार मानायचे, असे आईने आणि मी ठरवून ठेवले होते. पण तो शेवटचा पेपर झालाच नाही. पुढे तुझ्या वडिलांची बदली झाली, तुमचा जुना फोन नंबर आता भलत्याच कोणीतरी उचलतो आणि विचारपूस करूनही तुमचा ठावठिकाणा लागला नाही. म्हणून हे पत्र इतक्या वर्षांनी आणि असे जाहीरपणे लिहीत आहे. तुझे नाव मुद्दाम घातलेले नाही. 'लाजसभा' हा शब्द दिसला की पत्र आपल्यालाच आहे, हे तुला कळेल.

इतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. उजवा हात कोपरापासून आत वळलेला आहे. डावा हात चालतो, पण बोटे सांगितलेल्या जागी पहिल्या खेपेला पोहोचतीलच असे नाही. हे पत्र मी डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर टंकत आहे आणि त्याला आज सहावा दिवस आहे. तीन तासांत पुरवण्या जोडण्याइतके लिहिणे मला कधीच शक्य नव्हते. बोलणे मात्र येते. फक्त माझा 'र' बऱ्याचदा 'ल' होऊन बाहेर पडतो, जोडाक्षरे अर्धी गिळली जातात आणि नव्या माणसाला ते कळायला वेळ लागतो. सगळी अडचण तिथेच होती, कारण जो लेखनिक माझे बोलणे समजू शकत नाही, तो कितीही सुवाच्य लिहीत असला तरी मला त्याचा उपयोग नव्हता.

कागदोपत्री माझे काम तसे सोपे झाले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लहानपणीच काढलेले होते, आणि सेरेब्रल पाल्सी हे नाव लेखनिकासाठी पात्र असलेल्यांच्या प्रत्येक यादीत असते. केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तर अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी असलेले उमेदवार यांनी मागणी करताच लेखनिक द्यावा असे म्हटले होते. बाकीच्यांना त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचे वेगळे प्रमाणपत्र आणावे लागे. आमच्या शाळेच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे कारकुनांनी, प्रस्ताव तयार केला, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि तो कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे पाठवून दिला. त्यातला एक रकाना तेवढा बरेच दिवस कोरा राहिला होता, आणि तो होता लेखनिकाच्या नावाचा.

दहावीच्या विद्यार्थ्याचा लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. नियमामागचा हेतू मला मान्य आहे, कारण लेखनिकाला उत्तर येत असेल तर परीक्षा नक्की कोणाची, हा प्रश्न उभा राहणारच. पण नववीतल्या मुलाची स्वतःची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये असते आणि मार्चचे तीन आठवडे दुसऱ्याच्या पेपरांत घालवायला कोणाचे आईवडील सहजासहजी तयार होत नाहीत. तुझ्याआधी दोघींनी नकार दिला. एकीच्या आईने अभ्यासाचे कारण सांगितले. दुसरीचे वडील म्हणाले की लिहिताना काही चुकले तर बोल आमच्या मुलीवर येईल. मला दोघांचाही राग आला नाही. एका शाळेने मात्र आमच्या मुली बाहेरच्या कामाला देत नाही असे आईला तोंडावर सांगितले, तेव्हा ती घरी येऊन बराच वेळ गप्प बसली होती. त्याच आठवड्यात तुझी आई आमच्या दारात आली आणि म्हणाली, "अक्षर बरं आहे हिचं. चालेल का बघा." त्या एका वाक्याबद्दल काकूंचेही आभार या पत्रातच मानते.

त्यानंतरचे तीन आठवडे तू रोज संध्याकाळी आमच्याकडे येत होतीस. पहिल्या दिवशी मी नागरिकशास्त्राचे एक उत्तर सांगायला घेतले आणि तू चेहरा अगदी गंभीर ठेवून 'लाजसभा' असे लिहिलेस. राज्यसभा! आपण दोघी इतक्या हसलो की आजी आतून विचारायला आली. तुझी माझी ओळख झाली ती त्या शब्दापाशी. हसून झाल्यावर तू एक गोष्ट केलीस, जी मोठ्या माणसांनाही सुचत नाही. तू वहीच्या मागच्या पानावर माझ्या बोलण्याची यादी करायला लागलीस, की ताई असे म्हणाली म्हणजे तिला असे म्हणायचे असते. दहा दिवसांत त्या यादीची गरज उरली नाही. माझ्या मोबाइलमधल्या आवाजी टंकलेखनाला आज इतक्या वर्षांनंतरही राज्यसभा ऐकू येत नाही, एवढे तुझ्या माहितीसाठी.

सांगून लिहून घेणे म्हणजे मनातले उत्तर तोंडाने म्हणून टाकणे, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नसते. लिहिणाऱ्याला आपले मागचे वाक्य समोर दिसत असते. मला ते डोक्यात धरून ठेवावे लागे, आणि विसरले की तुला "मागचं वाच" असे सांगावे लागे. मग तू वाचायचीस, मी ऐकायची, पुढचे वाक्य जुळवायची, सांगायची, तू लिहायचीस. भूमितीत तर प्रत्येक रेघ शब्दांत मांडावी लागे. "ओ केंद्र घे. त्रिज्या तीन पूर्णांक चार दशांश सेंटीमीटर. वर्तुळ काढ. आता वर्तुळाबाहेर पी बिंदू." स्पर्शिकेची रचना नववीच्या पुस्तकात नव्हती, त्यामुळे आपण काय काढतो आहोत आणि ते शेवटी कसे दिसायला हवे, हे ठाऊक नसताना तू कंपास फिरवत होतीस. परीक्षेत आम्हाला तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या भाषेच्या पेपरला एक तास आणि दोन तासांच्या गणिताच्या पेपरला चाळीस मिनिटे. ती सूट आहे असे समजून हेवा करणारे मला भेटले आहेत. त्यांना मी तुझ्यासमोर बसवून एक त्रिकोण फक्त तोंडाने काढायला सांगितला असता.

मराठीच्या पेपराची तयारी करताना वेलांटीचा प्रश्न आला. तू दर दुसऱ्या शब्दाला थांबून "पहिली की दुसरी?" असे विचारू लागलीस आणि तसे विचारत राहिलो तर निबंध संध्याकाळपर्यंत चालला असता. शेवटी शुद्धलेखनाच्या प्रश्नात तेवढे मी अक्षर न् अक्षर फोडून सांगायचे आणि एरवी तू तुझ्या समजुतीने लिहायचे, असे ठरले. म्हणजे खरे पाहता माझ्या मराठीच्या गुणांत काही वेलांट्या तुझ्या आहेत. बरोबर किती आणि चूक किती, याचा हिशेब होणार नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येते. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की मी काही चुकीचे सांगितले की तुझे पेन क्षणभर थांबते. तू बोलत काहीच नव्हतीस, पण थांबलेले पेन मला दिसत होते, आणि ते थांबले की मी लगेच उत्तर तपासून दुरुस्त करत होते. दोन दिवस मी तो फायदा घेतला, हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी मला राहवले नाही आणि मी तुला ते सांगून टाकले. तू गोंधळलीस, जराशी रडवेलीही झालीस, कारण आपण काही गैर करतो आहोत हे तुझ्या गावीही नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून तू स्वतःला वेगळी सवय लावायला सुरुवात केलीस. मी बरोबर सांगो वा चूक, पेन एकाच चालीने पुढे जायला लागले. मागचे वाचून दाखवतानाही तू सपाट आवाजात वाचू लागलीस, कुठल्याच शब्दावर जोर न देता, म्हणजे आवाजावरूनही मला काही कळू नये. हे तुला कोणी शिकवले नव्हते. लेखनिकासाठीच्या सूचनांत उत्तर सांगू नये असे असते. पेनाने गप्प कसे राहावे, हे त्यांत कुठेच लिहिलेले नसते.

३ मार्चला मराठीचा पेपर होता. माझा अडथळा इतरांना होऊ नये म्हणून आपल्याला कोपऱ्यातली वेगळी खोली दिली होती. एक बाक, दोन खुर्च्या आणि पर्यवेक्षक. बारकोडचा कागद चिकटवून झाल्यावर सही माझीच हवी होती, आणि ती माझ्या हाताने होईपर्यंत तू उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी दाबून धरली होतीस. दोन वाजताची घंटा झाली आणि पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका मागितली. जादा वेळेच्या मंजुरीचे पत्र केंद्राच्या कार्यालयात होते, पण त्याची कल्पना त्यांना कोणी दिलेली नव्हती. मी घाबरले की माझे बोलणे पार अडते; त्या वेळी मला "सर" एवढेही धड म्हणता येईना. तू उठून उभी राहिलीस, कंपासपेटीतून त्या पत्राची घडी घातलेली झेरॉक्स काढलीस आणि म्हणालीस, "सर, ताईला तीनपर्यंत वेळ आहे. यात लिहिलंय." ती झेरॉक्स तू कधी करून ठेवलीस, हे मी तुला कधी विचारलेच नाही. त्यांनी पत्र वाचले, कार्यालयात जाऊन खात्री केली आणि आपल्याला पुन्हा लिहायला बसवले. या सगळ्यात सात मिनिटे गेली आणि ती काही परत मिळाली नाहीत. ते गृहस्थ वाईट नव्हते. पुढच्या पेपराला त्यांनी स्वतः येऊन पंख्याचे बटण लावून दिले होते. फक्त एका कार्यालयातून एका खोलीपर्यंत एक कागद पोहोचला नाही, आणि त्याची भरपाई नववीतल्या मुलीला करावी लागली.

बीजगणिताच्या पेपरात एका वर्गसमीकरणाची उकल सांगताना माझ्या तोंडून 'उणे तीन' ऐवजी नुसते 'तीन' गेले. वरच्या ओळीत कंसात अधिक तीन लिहिलेले होते. चिन्हांचे एवढे गणित तुला पक्के येत होते, त्यामुळे ती चूक तुला दिसली असणारच. पेन थांबले नाही. तू 'तीन' लिहिलेस, खाली रेघ ओढलीस आणि पुढच्या प्रश्नाचा क्रमांक घातलास. शेवटी सगळे वाचून दाखवलेस तेव्हा तो 'तीन' तू बाकीच्या आकड्यांसारखाच वाचलास आणि मलाही तो खटकला नाही. फाटकाबाहेर आल्यावर, माझ्या आईने पाण्याची बाटली पुढे केली त्या क्षणी, तू मला हळूच म्हणालीस, "ताई, त्या एका गणितात उणे राहिलं तुझं." मी त्या दिवशी तुझ्यावर खूप चिडले. घरी गेल्यावर आईला म्हणाले की तिला दिसत होते तर तिने लिहायचे होते की, कोणाला कळणार होते! आई काही बोलली नाही. २९ जुलैला निकाल लागला, गुणपत्रिका हातात आली, तेव्हा मी गणिताचे गुण बराच वेळ पाहत बसले. ते जेवढे होते तेवढे माझे होते. लहानपणापासून माझ्या प्रत्येक बक्षिसाकडे लोकांनी "कोणीतरी करून दिले असेल" अशा नजरेने पाहिले आहे आणि कधीकधी ते खरेही होते. या गुणांबद्दल तसे म्हणायला तू जागा ठेवली नव्हतीस. त्या दिवशी चिडले होते, त्याबद्दल माफी मागते. आणि लिहिलेल्या त्या चुकीच्या 'तीन'बद्दल तुझे मनापासून आभार मानते.

आता महाविद्यालयात धाकटी मुले माझ्याकडे अर्ज घेऊन येतात, म्हणून या विषयातले थोडेफार वाचन झाले आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे आजारही त्यांत आले. तरी दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असण्याची अट बराच काळ आडवी येत राहिली. माझ्या आयुष्यात ती अट कधी आडवी आली नाही, म्हणून मला ती कळलीही नव्हती. लिहिताना हाताचे स्नायू आखडतात असा आजार असलेल्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्के भरत नव्हते. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या त्याच्या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला चाळीस टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, बँकांच्या भरती परीक्षेवरून उभ्या राहिलेल्या गुलशन कुमार यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले. 'पुन्हा' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. कागद कार्यालयातून खोलीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे आपण दोघींनी पाहिलेले आहे.

गेल्या महिन्यात टाइप वन मधुमेह असलेला दहावीचा एक मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला होता. त्याला लेखनिक नको आहे. साखर उतरली तर तोंडात टाकायला काहीतरी जवळ हवे आणि इन्सुलिनची पिशवी कोणी काढून घेऊ नये, एवढेच त्याचे मागणे आहे. सीबीएसईने २०१७ मध्येच अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, केळे-सफरचंदासारखे फळ आणि पाण्याची छोटी बाटली नेण्याची मुभा दिली होती, हे त्याच्या आईला सांगितले, अर्ज लिहून दिला आणि उठताना बजावले की मंजुरी मिळाली की तिची एक झेरॉक्स मुलाच्या कंपासपेटीत घडी घालून ठेवा. हे मी कोणाकडून शिकले ते त्यांना सांगितले नाही. तुला सांगते आहे.

२१ मार्च २०२०, शनिवार. इतिहासाचा पेपर आटोपून आपण बाहेर आलो तेव्हा फाटकाशी गर्दी होती आणि थोड्याच वेळात कळले की करोनामुळे सोमवारचा भूगोलाचा पेपर पुढे ढकलला आहे. तू म्हणालीस, "मग एकतीसनंतर भेटू." मीही हो म्हणाले. एप्रिलमध्ये तो पेपर रद्दच झाला. भूगोलाचे गुण आम्हाला इतर विषयांच्या सरासरीने मिळाले. तुमची नववीची वार्षिक परीक्षाही त्याच वेळी रद्द झाली आणि पहिल्या सत्रावरून तुम्हाला पुढच्या वर्गात घातले. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, तुमची दहावीची परीक्षाच झाली नाही. विषयातल्या शंभर गुणांपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले गेले, म्हणजे ज्या नववीची वार्षिक परीक्षा झालीच नव्हती त्या नववीवरून. तेव्हा माझ्या लक्षात आले की दहावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकांवर तुझे अक्षर उमटले ते फक्त माझ्या बैठक क्रमांकाखाली. तुझ्या हक्काचा मार्च महिना तू आधीच मला देऊन टाकला होतास आणि तुझा स्वतःचा आलाच नाही. याचे मी काय करू, मला समजत नाही. आभार मानून ते फिटण्यासारखे नाही, हे कळते.

एक ऐहिक बाब राहिली. सोमवारच्या पेपरानंतर तुला द्यायचा म्हणून आईने आधीच एक ड्रेस पीस आणून ठेवला होता. तो अजून तिच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, दुकानाच्या पिशवीतच आहे. घर आवरताना दर दिवाळीला तो खाली येतो आणि परत वर जातो. पत्ता कळव, म्हणजे पाठवून देते. रंग अबोली आहे. दुकानदार आता तो बदलून देणार नाही, तेव्हा आवडून घे.

तुझी,
'लाजसभा'वाली ताई